सोवळ्यातले सात निबंध

१

डीन बोद्नार कधी जिना उतरत नसत. ज्याच्याशी काम असेल त्याला ते वर बोलावत. म्हणून सोमवारी सकाळी ते स्वतः तळमजल्यावरच्या ग्रंथालयात अवतरले, तेव्हा केलेमेन शारोल्ताने हातातली पोगाचा, इथली खारी छोटी पावरोटी, बशीत ठेवली आणि चष्मा पुसून घेतला. जळल्याचा वास तिला लांबून यायचा.

"शारोल्ताबाई, हे वाचा. पण आधी बसा."

"मी बसलेलीच आहे, डीनसाहेब. तुम्ही बसा. तुमच्या तोंडचं पाणी पळालंय."

लिफाफ्यात टाइप केलेली चार पानं होती. खाली सही नाही. ‘डॉ. वाराडी ओर्शोया यांच्या नावावरचे पुढील त्र्याण्णव उल्लेख विकत घेतलेले आहेत. अशा बाईच्या हाती कर्करोग संस्था देणार का?’ आणि मग यादी, क्रमांक घालून, अगदी शहाण्या मुलाच्या वहीसारखी.

शारोल्ताचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकिचकट. एका संशोधकाचा निबंध दुसऱ्याने आपल्या निबंधात आधाराला घेतला की पहिल्याच्या नावावर एक उल्लेख जमा होतो, आणि अशा उल्लेखांवर संशोधकाची पत ठरते. पण आपणच आपला उल्लेख केला तर तो चालत नाही. सहलेखकाने केलेलाही चालत नाही. दोन्ही निबंधांत एक जरी नाव सामाईक निघालं तरी तो बाद. उरतील ते स्वतंत्र. हे सगळं चाळून, पाखडून आकडा सही करून देणारी बाई म्हणजे शारोल्ता. एकतीस वर्षं तिने सेगेदच्या विद्यापीठात हेच केलं होतं, आणि भलेभले प्रोफेसर तिच्या टेबलाशी येऊन शाळकरी पोरांसारखे चुळबुळत.

कर्करोग संस्थेचं प्रमुखपद हवं तर सहाशे स्वतंत्र उल्लेख लागत. ओर्शोयाच्या नावावर सातशे तीन असल्याचा दाखला शारोल्तानेच गेल्या शुक्रवारी दिला होता. येत्या शुक्रवारी निवड होती.

"हे पत्र आलं कधी?"

"तीन तारखेला." डीनसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला वाटलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं तर विरून जाईल. आता समितीतल्या दोघांकडे प्रती पोचल्यात. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर मी तिचं नाव काढून टाकणार. आणि तिची प्रयोगशाळाही बंद होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको."

ते गेल्यावर शारोल्ताने पेन्सिल घेतली आणि एकेका उल्लेखावर खूण करत गेली. एकूण एकोणीस निबंधांत हे उल्लेख विखुरले होते. त्यातला एक निबंध माशांच्या तळ्यांवर होता. एक शाळेतल्या हजेरीवर. एकात विटांच्या भट्ट्यांचा अभ्यास होता आणि तो स्वादुपिंडाच्या गाठीला साक्षीला बोलावत होता. सामाईक नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे संगणकाने सगळे आत सोडले होते आणि शारोल्ताने त्यावर डोळे झाकून मान्यतेचा शिक्का मारला होता. तिची कानशिलं तापली. एकतीस वर्षांच्या राखणदाराला चोराने रामराम ठोकून आत जावं, तसं झालं होतं.

दुपारपर्यंत यादी संपली. पत्र लिहिणारा कोणी का असेना, बोलत खरं होता. त्र्याण्णवच्या त्र्याण्णव उल्लेख खोटे होते.

२

वाराडी ओर्शोया दार न वाजवता आत आली. सेहेचाळीस वर्षांची, उंच, केस कसेतरी चिमट्यात कोंबलेले. स्वादुपिंडाचा कर्करोग दुखायला लागण्याआधी रक्तातून ओळखायचा, यापायी तिने अठरा वर्षं घातली होती. तिच्या हाताखाली अकरा माणसं होती आणि शीतकपाटात चार हजार रुग्णांचं रक्त.

"मावशी, ते त्र्याण्णव काढून टाका."

"काढले की तू सहाशे दहावर येतेस."

"मग सहाशे दहा. सहाशेच लागतात ना? मला दहाने जिंकलं तरी पुरे."

"बाळ, आकड्याचं मी बघते. लोक विचारणार, आणले कोणी?"

"मी नाही आणले." ओर्शोयाने खुर्ची ओढली आणि बशीतली पोगाचा न विचारता उचलली. "मला विकत घ्यायचंच असतं तर मी नवं सेंट्रिफ्यूज घेतलं असतं. आमचं जुनं ट्रॅक्टरसारखं वाजतं. तुम्हाला तरी वाटतं का मी असं करीन?"

"मला वाटायचा पगार मिळत नाही. मोजायचा मिळतो."

ओर्शोया मोठ्यांदा हसली. शारोल्ताला ते हसू आवडलं, पण हसऱ्या तोंडाचे लबाडही तिने पुष्कळ पाहिले होते. "एक सांग. हे करणाऱ्याला तुझं सगळं काम ठाऊक असणार. तुझे अडतीस निबंध कोणाला तोंडपाठ असतील?"

ओर्शोयाचं चावणं थांबलं. "कोणाला एवढा वेळ आहे?" ती म्हणाली, आणि तिस्सा नदीच्या बाजूला बघत राहिली.

खोटं बोलता न येणाऱ्या माणसाने काहीतरी दडवलं होतं.

३

ओर्शोया प्रमुख व्हायला नको असेल अशांची तीन नावं शारोल्ताने कागदावर लिहिली आणि सायकल काढली.

पहिले हाल्मोश देझ्यो, मावळते प्रमुख. त्यांच्या खोलीत खोकी भरणं चाललं होतं. "हातांचं चुंबन घेतो, बाई," असं म्हणून ते जुन्या पद्धतीने उठून उभे राहिले. सत्तरी उलटली होती, पण कोटाची बटणं लागलेली.

"ओर्शोयाच्या वीस निबंधांवर तुमचं नाव आहे. दोन हजार चौदानंतर एकावरही नाही. का बरं?"

"कारण पोरीला शिंगं फुटली." म्हातारे गुरगुरले. "माझ्या संस्थेत नियम साधा होता. पगार खातो त्याचं नाव निबंधावर. विद्यार्थी असेल तर शेवटी आभाराची एक ओळ. आणि सर्वांच्या खाली माझं नाव, कारण छप्पर माझं! ती म्हणाली, ‘काका, छपराने प्रयोग केले नाहीत.’ मला! तोंडावर!"

"मग तुम्हाला ती प्रमुख व्हायला नको असेल."

"मला नकोच आहे. पण तिच्या वीस निबंधांना काळं फासलं तर माझ्याच धोतरावर शिंतोडे उडतात, एवढं कळतं मला." (धोतर अर्थात मराठीतलं, म्हाताऱ्यांनी पाटलोण म्हटलं होतं.)

दुसरी फोदोर नोएमी, ओर्शोयाची विद्यार्थिनी. मागच्या वर्षी भांडून निघाली आणि आता रुग्णालयात नोकरीला होती. लिंडेनच्या झाडाखाली डास मारत ती कॉफी पीत होती.

"नाव कोणाचं आधी यावं यावरून भांडण झालं म्हणे?"

"झालं. आणि मावशी, खरं सांगू? तिचंच बरोबर होतं. पण तिने मला सगळं शिकवलं, माफी कशी मागायची ते सोडून. ते तिला स्वतःलाच येत नाही." नोएमीने फटकन गालावरचा डास मारला. "मी तिच्याशी बोलत नाही. पण तिची रक्ताची चाचणी माझ्या आईला दहा वर्षं आधी मिळाली असती, तर मी आज आईशी बोलत असते. ती प्रयोगशाळा बंद करणाऱ्याचा गळा मी स्वतः दाबीन."

तिसरा सेपेशी गेर्गेय, पदाचा दुसरा उमेदवार. वय छत्तीस-सदतीस, कडक इस्त्री, गोड जीभ. गाठींच्या वाढीचं गणित मांडणारा हुशार माणूस. तीन वर्षांपूर्वी बुदापेस्टहून आला होता आणि सगळे त्याला अजून ‘राजधानीवाले’ म्हणून चिडवत.

"माझ्यावर संशय येणारच," तो प्रसन्नपणे म्हणाला. "पण माझा नि डॉक्टरबाईंचा एकही निबंध एकत्र नाही. यादी तुमच्याकडेच आहे. मी त्यांचा साधा वाचक."

"वाचलेले आवडले का?"

"दोन हजार आठचा तर अप्रतिम! तुम्हाला माहितेय, त्या हिवाळ्यात सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेला आणि नवा यायला सहा आठवडे लागले. खिडकीतल्या उजेडावर पेशी मोजल्या. साडेतीनला उजेड संपला की काम बंद. पाठ मोडायची." तो क्षणभर कुठेतरी हरवला, मग पुन्हा हसला. "अशी माणसं आता राहिली नाहीत, शारोल्ताबाई."

तिघांनाही कारण होतं आणि तिघांकडेही उत्तर होतं. शारोल्ता सायकल ढकलत परतली. मंगळवार संपत आला होता आणि ती होती तिथेच होती.

४

बुधवारी तिने पत्र पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी मजकूर सोडून तारखा पाहिल्या. लिफाफ्यावर टपालाचा शिक्का दोन जूनचा. डीनसाहेबांच्या कचेरीत पोचल्याची नोंद तीन जूनची. मग तिने ते एकोणीस निबंध कधी प्रसिद्ध झाले ते एकाखाली एक मांडलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... शेवटच्या निबंधाशी तिचं बोट थबकलं. विटांच्या भट्ट्या. त्यात ओर्शोयाचे तीन उल्लेख होते, पत्रातले क्रमांक एक्क्याण्णव ते त्र्याण्णव.

प्रसिद्धीची तारीख बारा जून. तिने स्वतः शिक्का मारला तो तेराला.

तिने पोगाचाची बशी बाजूला सारली आणि पुन्हा मोजलं. चूक नव्हती. पत्र लिहिणाऱ्याला बारा तारखेला जन्मणाऱ्या पोराचं नाव दोन तारखेलाच ठाऊक होतं. असं फक्त त्यालाच ठाऊक असतं, ज्याने ते सांगून करवून घेतलं. उल्लेख विकत घेणारा आणि बोंब मारणारा एकच होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि ओर्शोया कितीही विक्षिप्त असली तरी स्वतःविरुद्ध चार पानी पत्र स्वतःच टाइप करून डीनकडे धाडणार नव्हती.

शारोल्ताला इतका आनंद झाला की तिने डीनसाहेबांना फोन करून वर न जाता खाली बोलावलं. ते आलेही.

"म्हणजे ती निर्दोष?"

"माझ्या हिशेबाने निर्दोष."

डीनसाहेबांनी कपाळ चोळलं. "समितीतले दोघं म्हणतील, पत्र तिच्याच एखाद्या भागीदाराने लिहिलं, फिसकटल्यावर. मला नाव द्या, बाई. नाव नसेल तर शुक्रवारी मी तिला वाचवू शकत नाही."

५

नाव कुठून आणायचं? शारोल्ताने अडतीस निबंध ओळीने मांडले आणि प्रत्येकापुढे खोटे उल्लेख किती पडले ते लिहिलं. तीन. तीन. तीन. तीन. वाढप्याने पंगतीत लाडू वाढावेत तसे. एकतीस निबंधांना नेमके तीन-तीन, म्हणजे त्र्याण्णव. मागणी घाऊक होती, यादी देऊन केलेली.

आणि उरलेल्या सातांना शून्य.

हे सात त्या यादीतून कोणीतरी मुद्दाम गाळले होते. त्यात तो प्रसिद्ध, दोन हजार आठचा निबंधही होता, एकट्याने दोनशे बारा स्वतंत्र उल्लेख कमावलेला. कोणाची अब्रू घ्यायची तर आधी तिच्या मुकुटाला हात घालावा. ह्याने मुकुट सोडला होता.

शारोल्ताने तर्क केला. खोटे उल्लेख निबंधाला चिकटतात, आणि मग त्या निबंधाच्या सगळ्या लेखकांना चिकटतात. शहाणा भामटा आपलं नाव असलेले निबंध वाचवणारच. म्हणजे ह्या सातांवर ज्याचं नाव, तो आपला माणूस. झालं! तिने पेन्सिलीने नावं जुळवली.

हाल्मोश? सातही निबंधांवर होते. पण त्यांचे दुसरे तेरा निबंध बिनदिक्कत बरबटवले होते. नोएमी? सातांपैकी एकावरही नव्हती. गेर्गेय तर कशावरच नव्हता. इतर सहलेखक परदेशी गेलेले, निवृत्त झालेले, एक तर वारलेला. सात निबंध सोवळ्यात ठेवणारा माणूस त्यांच्या लेखकांत सापडत नव्हता.

तिने पेन्सिल आपटली. गुरुवार उजाडला तरी ती पेन्सिल तिथेच पडली होती. सकाळी कचऱ्याची टोपली न्यायला आलेल्या बाईने विचारलं, "मावशी, हे उचलू का?" तेव्हा शारोल्ता तिच्याकडे बघतच राहिली. ही बाई वीस वर्षं ह्या खोलीत येत होती आणि शारोल्ताला तिचं आडनाव माहीत नव्हतं. ती कुठल्याच यादीत नव्हती.

"राहू दे," शारोल्ता म्हणाली. "आणि तळघराची किल्ली कुठे असते गं?"

संगणकात लेखकांची नावं असतात. निबंधाच्या अगदी शेवटी बारीक अक्षरांत जो ऋणनिर्देश असतो, तो संगणक वाचत नाही. त्यावरून पत ठरत नाही, मग कशाला वाचील? तळघरात नियतकालिकांचे कातडी बांधणीचे जुने खंड होते. तिने सात खंड काढले, धूळ झटकली, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान उघडलं.

सातही ठिकाणी एकाच माणसाचे आभार मानले होते. तिने नाव दोनदा वाचलं, खंड मिटला, आणि तिला त्या माणसाचा राग आणि कीव एकदमच आली.

६

शुक्रवारी डीनच्या खोलीत सगळे जमले. ओर्शोया हाताची घडी घालून खिडकीशी. हाल्मोश काका मधल्या खुर्चीत. नोएमी दाराजवळ, ओर्शोयापासून जास्तीत जास्त लांब. गेर्गेय पाय दुमडून, वही उघडून. शारोल्ताने तारखांची गोष्ट सांगितली, तीन-तीनची सांगितली, सातांची सांगितली.

"आता प्रश्न असा," ती म्हणाली, "की हे सात का सोडले? मी खूप विचार केला आणि मला एकच कारण सापडलं. डीनसाहेब, मला वाटतं ह्या सातांतले आकडेच खोटे आहेत."

ओर्शोया वळली. "काय?"

"भामट्याला हे माहीत असावं. तिकडे लोकांचं लक्ष जायला नको, म्हणून त्याने ते टाळले. दोन हजार आठच्या निबंधात म्हणे अकरा हजारांवर पेशी मोजल्या. दिव्याशिवाय? हिवाळ्यात? कोण मोजतं एवढं! कोणीतरी घरी बसून आकडे भरले असणार. मी शिफारस करते की ते निबंध मागे घ्यावेत म्हणून आपण आजच्या आज नियतकालिकांना पत्र—"

"मूर्खपणा आहे हा!"

गेर्गेय उभा राहिला होता. वही खाली पडली होती.

"अकरा हजार दोनशे चाळीस पेशी! एकेक दोनदा मोजली आहे! एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि फरक पडला तर तिसऱ्यांदा! एक आकडासुद्धा घरी भरलेला नाही, ऐकताय? बोटं काकडायची म्हणून चहाच्या कपावर—"

तो थांबला.

"बसा," शारोल्ता मऊपणे म्हणाली. "आकडे खरे आहेत. मला ठाऊक आहे. दिवा गेल्याचं मात्र त्या निबंधात कुठेच लिहिलेलं नाही, मी काल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘पेशींच्या मोजणीबद्दल विद्यार्थी गे. सेपेशी यांचे आभार.’ सातही ठिकाणी लिहिलंय."

"राजधानीवाले कसले," नोएमी पुटपुटली. "हा तर इथलाच."

"मी गणित शिकत होतो," गेर्गेय म्हणाला. त्याच्या आवाजातली साखर गेली होती. "तीन वर्षं. मोजणीची पद्धतही माझीच होती, तिची नव्हे. तिला विचारा!"

ओर्शोयाने मान हलवून होकार दिला.

"मग मी बुदापेस्टला गेलो. मला गाठींवर काम करायचं होतं, आणि ते काम जिथून सुरू होतं तो निबंध माझाच होता. तो आधाराला घेतल्याशिवाय मला पाऊल टाकता येत नव्हतं. चौदा वेळा, शारोल्ताबाई! चौदा वेळा मी स्वतःचंच काम दुसऱ्याचं म्हणून लिहिलं, आणि तुम्ही दरवेळी त्याच्यावर शिक्का मारलात, ‘स्वतंत्र’!"

"मारला," शारोल्ता म्हणाली. तिला ते टोचलं.

"आणि म्हणून दुसऱ्यांना चोर ठरवायचं?" नोएमी तडकली. "तुझी खोटी पानं खरी धरून ती प्रयोगशाळा बंद पडली असती, तर त्या चार हजार लोकांना काय आभाराची ओळ पाठवणार होतास?"

गेर्गेयने मान खाली घातली. "सगळे अडतीस द्यायला हवे होते," तो हळूच म्हणाला. "म्हणजे कोणाला कळलं नसतं. यादी पाठवायला बसलो आणि ते सात... ते माझ्याच्याने झालं नाही."

त्याने तिथेच उमेदवारी मागे घेतली आणि राजीनामा लिहून दिला. हाल्मोश काका आता खाकरले. "पण नियम नियमाप्रमाणे होता. विद्यार्थ्याला आभार. मी कोणावर अन्याय—"

"काका," ओर्शोया म्हणाली, "आता छपराने जरा गप्प बसावं."

७

तासाभराने ती ग्रंथालयात आली. डीनसाहेब तिच्या आधीच येऊन बसले होते. एका आठवड्यात तिसऱ्यांदा जिना उतरल्यामुळे त्यांचे गुडघे दुखत होते, पण चेहरा खुलला होता. "शारोल्ताबाई, सहाशे दहाचा नवा दाखला द्या. चार वाजता मी जाहीर करतो. डॉक्टरबाई, अभिनंदन!"

"थांबा," ओर्शोया म्हणाली, आणि तिने एक कागद टेबलावर ठेवला. सातही नियतकालिकांना लिहिलेलं पत्र होतं. ‘ह्या निबंधांच्या लेखकांत सेपेशी गेर्गेय यांचे नाव असायला हवे होते. पद्धत त्यांची होती. ते न घालण्याची चूक माझी आहे.’ खाली सही.

शारोल्ताने ते वाचलं आणि चष्मा काढला. "मुली, त्याचं नाव घातलंस की तो तुझा सहलेखक होतो. मग त्याचे ते चौदा उल्लेख बाद."

"मला वजाबाकी येते, मावशी."

"पाचशे शहाण्णव."

"पाचशे शहाण्णव."

डीनसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "पण सहाशे लागतात! अहो, त्याने तुम्हाला गाडायचा प्रयत्न केला! आणि नियतकालिकं उत्तर द्यायला सहा महिने लावतील. तोवर कायद्याने तुमचे सहाशे दहाच. चार वाजता खुर्चीत बसा, पत्र उद्या टाका. कोण विचारतंय?"

"मी विचारते," ओर्शोया म्हणाली. "मावशींनी सोमवारी विचारलं, माझे निबंध कोणाला पाठ आहेत. मला त्याच क्षणी तो आठवला. तीन हिवाळे माझ्या शेजारी बसला होता. मी नाव घेतलं नाही, कारण नाव घेतलं तर हेही सांगावं लागलं असतं." तिने केसातला चिमटा काढून पुन्हा खुपसला. "त्याने केलं ते वाईट केलं, त्याचं तो भोगेल. मी केलं ते माझं. काका म्हणाले ‘विद्यार्थ्याला आभार’, आणि मला ते सोयीचं होतं, म्हणून मी मान हलवली. एवढंच. ते चौदा आजपासूनच वजा धरा."

"आणि खुर्ची?"

"पुढची निवड ऑक्टोबरात आहे ना? त्या वेळी पुन्हा अर्ज करीन. समोर कोणी उरलेला नाही, आणि मी खोटारडी नाही हे आता सगळ्या इमारतीला माहीत आहे. तोवर माझी प्रयोगशाळा चालू राहील, हे तुम्ही लिहून द्या, डीनसाहेब. आत्ता. इथे."

डीनसाहेबांनी शारोल्ताकडे पाहिलं. शारोल्ताने त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि वर पेन ठेवलं. त्यांनी लिहून दिलं.

मग शारोल्ताने स्वतःच्या दाखल्याचा कागद घेतला. एकतीस वर्षांत तिच्यासमोर लोकांनी आकड्यासाठी हात जोडले होते, केक आणले होते, रडले होते. आकडा कमी करा म्हणून अडून बसलेलं कोणी तिने पाहिलं नव्हतं. तिने ठसठशीत अक्षरांत पाचशे शहाण्णव लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

ओर्शोयाने कागद उजेडात धरून पाहिला, नव्या पदवीकडे बघावं तसा.

"चारच कमी," ती म्हणाली. "ते येतील. काम खरं आहे." आणि ती जिना चढून कामाला गेली.